चार हजार घरांचं आवतन

जानराव अवचारांना गावात कामाचा माणूस असं कधी कोणी म्हटलं नाही, पण त्यांच्यावाचून कोणाचं कार्य पार पडलं असंही झालं नाही. बारसं असो, साखरपुडा असो, तेरवी असो, जेवणाचं आवतन द्यायला जानरावच लागायचे. आता आवतन म्हणजे नुसतं 'जेवायला या' असं सांगणं, असं ज्याला वाटतं त्यानं जऊळक्याच्या पलीकडच्या त्या गावात चार दिवस राहून यावं. सकाळी घरोघर जाऊन पहिल्यांदा सांगायचं. पानं मांडली की दुसऱ्यांदा जाऊन 'चाला' म्हणायचं. तरीही कोणी आलं नाही तर तिसऱ्यांदा जाऊन त्याला बाजेवरून उठवून, हाताला धरून पंगतीत आणून बसवायचं. आणि एक घर जरी सुटलं तरी ते घर पुढची दहा वर्षं कार्यवाल्याकडे पाठ करून थुंकतं.

तीस वर्षांत जानरावांच्या हातून एक घर सुटलं नव्हतं. एकदा तर गोविंदा नावाचा एक सालदार आदल्या रात्री गावात राहायला आला होता. त्याला स्वतःला अजून आपल्या खोलीचं दार नीट सापडत नव्हतं, पण सकाळी सातला जानराव त्या दारात उभे होते. गावात अजून सांगतात हे. जानराव स्वतः तर फारच सांगतात.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर कसा आला, ते ऐका.

गावच्या दोनशे शेतकऱ्यांनी, आणि त्यात बायाच जास्त, मिळून हळद दळायची कंपनी काढली. शेड उभं राहिलं, मशीन आलं, पंधरा बायांना रोजचं काम मिळालं. अध्यक्ष झाल्या संगीता इंगोले. बाई तोंडानं फटकळ, पण काम सोडणारी नव्हे. हळद दळून झाली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ही घेणार कोण? घेणारे मोठे लोक नागपूरला, अकोल्याला, अमरावतीला बसलेले. त्यांना आधी इथं आणून माल दाखवला पाहिजे. म्हणून ठरलं, एक दिवस खरेदीदारांना गावात बोलवायचं, मशीन दाखवायचं, हळद हातावर घासून दाखवायची आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी जेवू घालायची.

"बोलवायचं कसं?" बैठकीत कोणीतरी विचारलं.

"ईमेल करू," संगीताताई म्हणाल्या. "कंपनीच्या नावाचा पत्ता हाय आपला. आता हे काम द्यायचं कोनाले?"

सगळ्यांनी जानरावांकडे पाहिलं. बोलावणं हा शब्द आला की त्या गावात माना आपोआप तिकडेच वळतात. शिवाय जानरावांनी तरुणपणी मालेगावला जाऊन टायपिंगची परीक्षा दिली होती आणि पासही झाले होते. तो कागद त्यांनी लॅमिनेशन करून ठेवला होता.

"हे बी आवतनच हाय ना?" जानरावांनी विचारलं.

"आवतनच हाय."

"मंग एक बी घर सुटनार नाई."

इथंच सगळं चुकलं. आवतन द्यायचं म्हणजे कोणाला वगळायचं नाही, ही जानरावांची आयुष्यभराची सवय. त्यांनी पत्ते गोळा करायला सुरुवात केली. वाशीमच्या कृषी प्रदर्शनातून कार्डांचा एक डबा उचलून आणला. दुकानांच्या पाट्या वाचून लिहून घेतलं. एसटीत बसल्या बसल्या पुढच्या टेम्पोच्या मागचा ईमेल टिपला. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांवरचे घेतले, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतले घेतले. एक दातांचा डॉक्टर, दोन वकील, एक बँडवाला आणि अकोल्याची एक पोहण्याची शाळा, हे सगळे त्या यादीत होते. यादी झाली चार हजार सहाशे बारा पत्त्यांची.

मग मजकूर. वर 'श्री' घातला. खाली लाल, ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं: अगत्याचे आमंत्रण, अस्सल हळद, फुकट जेवण, त्वरा करा. त्याखाली रोडग्यांचे नऊ फोटो. एका सोमवारी सकाळी त्यांनी ते चार हजार सहाशे बारा जणांना धाडलं. बुधवारी दुसऱ्यांदा धाडलं. शुक्रवारी तिसऱ्यांदा. रीत म्हणजे रीत.

शनिवारी स्वयंपाकाच्या रुखमाबाईंनी साठ माणसांचे रोडगे भाजायला घातले. साठ हा अंदाजही जानरावांचाच. चार हजारांतले साठ तर कोणीही येतील, असं त्यांचं साधं गणित होतं. संगीताताईंनी नवी साडी नेसली. शेडच्या दारात रांगोळी घातली. जानराव धुतलेलं धोतर नेसून फाटकाशी उभे राहिले. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, दोन म्हशी गेल्या आणि एका मोटरसायकलवाल्यानं थांबून मालेगावचा रस्ता विचारला. त्याला जानरावांनी जवळजवळ ओढूनच आत आणला होता, पण तो विम्याचे हप्ते गोळा करणारा निघाला आणि घाईत होता.

दोन वाजता रुखमाबाई बाहेर आल्या. "भाऊ, रोडगे दगड होऊन राह्यले. काय करू?"

जानरावांनी चप्पल घातली आणि गावात निघाले. आणि अर्ध्या तासात सगळं गाव जेवायला हजर. गोजराबाई तर पानावर बसता बसता डोळे पुसायच्या तयारीत होती. "तेरवी कोनाची हाय, बाप्पा?" तिनं शेजारणीला विचारलं. शेजारणीलाही माहीत नव्हतं. पण दोघी पोटभर जेवल्या.

जानरावांना घास गिळवेना. पायी दिलेलं आवतन अर्ध्या तासात पोचलं होतं, आणि तीन तीनदा धाडलेलं पाच दिवसांत पोचलं नव्हतं. लाज वाटली त्यांना. खरंच लाज वाटली. कोणी त्यांना बोललं नाही, म्हणून जास्तच वाटली.

सोमवारी संगीताताईंनी नागपूरला फोन लावला. तिथल्या उज्ज्वलाताई मसाल्याच्या मोठ्या व्यापारी, आदल्या वर्षी त्यांनी थोडी हळद नेली होती. फोन स्पीकरवर होता.

"ताई, तुम्ही आल्या नाहीत."

"कुठे यायचं होतं?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. "मला तर कोणी बोलावलंच नाही."

जानरावांचा चेहरा पडला. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"जरा स्पॅममध्ये पाहा बरं," संगीताताई म्हणाल्या.

थोडा वेळ खुटखुट ऐकू आली. मग उज्ज्वलाताई हसल्या. "आहे, आहे. तीन तीनदा आहे. वर लॉटरी लागल्याचं पत्र आहे, खाली टकलावर केस उगवायचं तेल आहे, आणि मधे तुमची हळद."

फोन ठेवल्यावर संगीताताई जानरावांकडे वळल्या. "हे पाहा भाऊ, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावनं करू. अखेरचं. त्या वेळी बी कोनी आलं नाई, तर हळद न दळता तशीच बाजारात इकू आन् मशीनीले कुलूप लावू. पंधरा बाया घरी बसतीन. तुमी नीट पाहून घ्या हे काय हाय ते."

जानराव दुसऱ्याच दिवशी वाशीमला गेले. तिथं बसस्टँडजवळ वीरेंद्र राठोडचं दुकान होतं. मालेगावकडच्या एका तांड्यातला हा माणूस, चाळिशीचा, लोकांच्या वेबसाइटा करून द्यायचा. कंपनीचा ईमेलचा पत्ताही त्यानंच काढून दिला होता. त्यानं जानरावांची यादी उघडली आणि बराच वेळ वर-खाली पाहत बसला.

"काका, एका दिवसात चार हजार सहाशे धाडले तुमी? नव्या कोऱ्या पत्त्यावरून?"

"मंग? आवतन का आठ दिवस देत राह्यतात?"

"आन् तीन वेळा."

"चवथ्यांदा बी धाडनार होतो. लाइट गेली."

वीरेंद्रनं डोकं खाजवलं. "यातले नऊशे पत्ते मेलेले हायेत, काका."

"मेले म्हंजे?"

"म्हंजे बंद पडले. तिथं कोनी राह्यत नाई. तुमचा मेल जाते आन् वापस येते. एवढे वापस आले का मेल चालवनाऱ्या कंपन्यायले समजते, हा माणूस ओळखीच्याले लिहून नाई राह्यला, दिसंल त्या दारात टाकून राह्यला."

जानराव सुन्न झाले. "मेलेल्यायले जेवाले बोलावलं म्या? ते बी तीनदा?"

"आन् जे जिते हायेत त्यायनं तुमाले इचारलं होतं काय, का आमाले मेल धाडा म्हनून?"

"आवतनाले परवानगी लागते काय?"

"इथं लागते. ज्याले नको असते तो बटन दाबते, 'हे स्पॅम हाय'. हजारातल्या चार-पाच जनांनी दाबलं तरी बस. मंग ज्याले पायजे हाय त्याचा बी मेल तिकडंच जाते. ह्या दाताच्या डॉक्टरनं दाबलं नसंल का बटन?"

"डॉक्टर हळद खात नाई काय?"

वीरेंद्रनं यादी बाजूला सारली. मजकूर वाचून मात्र तो खुर्चीत मागे टेकला. "'फुकट', 'त्वरा करा', लाल अक्षरं. काका, असं कोन लिहिते? लुबाडनारे लिहितात."

हे जानरावांना लागलं. तरी ते उठून गेले नाहीत, कारण पंधरा बायांचं कुलूप त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

"अजून एक," वीरेंद्र म्हणाला. "कंपनीच्या नावानं आलेला मेल खरंच कंपनीनंच धाडला, याचा दाखला नोंदवून ठेवा लागते. तो तुमच्या नावावर लावलेलाच नाई. मीनं पत्ता काढून दिला तवा असे गठ्ठ्यानं मेल धाडायचं कोनी बोललंच नव्हतं. उद्या मी बी तुमच्या नावानं आवतन धाडू शकतो."

"आन् जेवू कोन घालीन?"

"म्हनूनच तर दाखला लागते." त्यानं अर्ध्या तासात तो दाखला नोंदवून दिला. कसल्याशा तीन ओळी होत्या, जानरावांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. "माह्यं काम झालं. आता यादी तुमाले सोताच छाटा लागीन. ज्याले खरंच हळद पायजे तेवढेच ठेवा. फोन करून इचारा. आन् मेल एकदाच."

यादी छाटणं म्हणजे जानरावांना एकेका घराला गावजेवणातून उठवण्यासारखं होतं. दोन दिवस ते कंपनीच्या खोलीत बसून होते. प्रत्येक नाव काढताना तोंडानं म्हणायचे, "माफ करा साहेब." मेलेल्या नऊशे पत्त्यांना त्यांनी एकदाच, उभं राहून, हात जोडले. बँडवाल्याला काढताना फार जीवावर आलं, कारण तो ओळखीचा होता. त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईनं, डबा आणून दिला तेव्हा ते अजून पुटपुटतच होते.

"कोनाची माफी मागून राह्यले?" तिनं विचारलं.

"चार हजार लोकायची."

"आन् माही?" ती म्हणाली. "कालपासून घरी पानी भरलं नाई तुमी." डबा ठेवून ती निघून गेली.

उरले एकशे चाळीस. हे खरोखरचे मसाल्याचे, किराण्याचे लोक. जानरावांनी त्यांना एकेक करून फोन लावले. "साहेब, आमच्या हळदीचं आवतन तुमच्या ईमेलवर धाडू काय?" आणि इथं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा एक विचित्र गोष्ट घडली. लोक "नको" म्हणाले.

गावात आवतनाला कोणी नको म्हणत नाही. "येतो" म्हणतो आणि येत नाही, ती वेगळी गोष्ट. पण तोंडावर "नको"? पहिल्या "नको"नंतर जानराव बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. दहाव्यानंतर त्यांना राग आला. पन्नासाव्यानंतर मात्र त्यांच्या ध्यानात आलं की हे "नको" म्हणणारे लोक फार सोयीचे आहेत. त्यांच्यासाठी रोडगा भाजायला नको, त्यांची वाट पाहायला नको. गावातले "येतो" म्हणणारेच तीस वर्षं त्यांना उन्हात हिंडवत आले होते.

"पाठवा" म्हणणारे निघाले एकतीस.

"एकतीस?" संगीताताईंनी विचारलं. "बस?"

"आपल्या एका गल्लीत याच्याहून जास्त घरं हायेत," जानराव खिन्नपणे म्हणाले. "पन हे सगळे हो म्हनले."

वीरेंद्रनं फोनवरून मजकूर सांगितला. काळी अक्षरं. वर एकच ओळ: अमुक तारखेला आमच्या गावात हळद पाहायला या. कधी, कुठे, कसं यायचं. येणार असाल तर उत्तर द्या. आणि शेवटी: आमचे मेल नको असतील तर इथं कळवा. या शेवटल्या ओळीवरून जानराव भांडले. आवतनाच्या खाली 'नको असंल तर सांगा' लिहायचं, म्हणजे पाहुण्याला बोलावून दारातच उभं करायचं, असं त्यांचं म्हणणं. पण लिहिलं. लिहिताना दात खाल्ले.

मेल गेला मंगळवारी सकाळी दहा वाजता. एकदाच. सव्वा दहाला त्यांनी उज्ज्वलाताईंना फोन लावला.

"आला का ताई?"

"आला ना. वरच दिसतोय. येते मी."

जानराव खुर्चीत बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. दुपारपर्यंत पाच उत्तरं आली, संध्याकाळपर्यंत नऊ. गुरुवारी त्यांना राहवेना. दुसऱ्यांदा 'चाला' म्हटल्याशिवाय माणूस येईलच कसा? ते दुसऱ्यांदा धाडायला बसले, तेवढ्यात संगीताताई आल्या. बाईंनी कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढला, कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. "रविवारी भेटंल," म्हणाल्या.

शनिवारी सकाळी पुन्हा रांगोळी, पुन्हा धुतलेलं धोतर. रुखमाबाई गोवऱ्या पेटवून बसल्या होत्या.

"भाऊ, किती जनाचं घालू?"

आता हा प्रश्न जानरावांना आयुष्यभर विचारला गेलेला. उत्तर नेहमीचं ठरलेलं असायचं: घाल अंदाजानं, थोडं जास्त घाल. गावात "येतो" म्हणणारे शंभर असले तर कधी साठ येतात, कधी दीडशे. पण या वेळी "येतो" असं लिहून आलं होतं, आणि ज्यांना यायचं नव्हतं त्यांनी तसं सांगितलं होतं.

"चवदा," जानराव म्हणाले.

"चवदाच?"

"चवदा जनायचं लिहून आलं. मानशी दोन. अठ्ठावीस घाल."

या माणसाला ऊन लागलं की काय, अशा नजरेनं रुखमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पण सांगितलं तेवढे घातले. मागच्या वेळी साठांचे भाजूनही एक पाहुणा न आल्यावर त्यांनीही कानाला खडा लावला होता.

अकराला अमरावतीचे दोघं आले. साडेअकराला अकोल्याची गाडी आली, तिच्यातून चौघं उतरले. उज्ज्वलाताई बाराला आल्या, सोबत त्यांचे दोन भागीदार, त्यांचीही नावं उत्तरात होती. एक वाजेपर्यंत अकरा झाले. संगीताताई पाहुण्यांना मशीन दाखवत होत्या, बाया हळद तळहातावर घासून दाखवत होत्या. जानराव मात्र फाटकापासून हलले नाहीत. पाय नुसते शिवशिवत होते. तिघं राहिले होते, आणि त्यांना बाजेवरून उठवून आणायची सोय नव्हती, कारण त्या बाजा वर्ध्याला होत्या. आपल्या तोंडून चौदाचा आकडा गेलाच कसा, असं त्यांना झालं.

सव्वाला जऊळका स्टेशनवरून एक ऑटो धूळ उडवत आला. त्यातून तिघं उतरले.

"गाडी लेट झाली," त्यातला एक म्हणाला. "पण येतो म्हणून लिहिलं होतं ना."

जानरावांना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्यांनी नमस्कार केला आणि हात धुवायला पाणी दिलं.

जेवणं झाली. उज्ज्वलाताईंनी पुढच्या हंगामापर्यंत दर महिन्याला हळद घ्यायचं कबूल केलं, अकोलेवाल्यांनी आणि वर्ध्याच्या तिघांनीही. मशीन चालणार हे नक्की झालं, तेव्हा त्या पंधरा बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि संगीताताई, ज्यांना कोणी कधी हळवं पाहिलं नव्हतं, दोनदा नाक पुसून आल्या.

दिवस मावळता मावळता जानराव घरी आले. प्रयागबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"भाजी नाई केली म्या," ती म्हणाली. "तुमी जेवून आले असान."

"नाई."

"काहून? रोडगे होते ना?"

"उरलेच नाई."

प्रयागबाईनं सूप खाली ठेवलं. तीस वर्षांत नवरा कार्याच्या घरून उपाशी आला नव्हता. उलट पिशवीत चार जणांचं घेऊन यायचा. "किती जन बोलावले होते?"

"येतो म्हनले ते चवदा."

"आन् आले किती?"

"चवदा."

या माणसाला तिनं आयुष्यभर उन्हातान्हात दारोदार हिंडताना पाहिलं होतं, आणि आज त्याचं एकही पान रिकामं राहिलं नव्हतं, हे तिला कळलं. ती उठली, चुलीत काडी सारली आणि भाकरीचं पीठ काढलं.

"म्हंजे सगळ्यायले मोजलं," ती पाठमोरी म्हणाली, "आन् सोताले मोजलंच नाई?"

जानराव पाटावर बसले. पोटात कावळे ओरडत होते आणि चेहरा नुसता फुलला होता.

"मले कोनं मेल धाडला होता?" ते म्हणाले.